इतिवृत्तात नसलेलं

बुधवार, संध्याकाळी सात, प्रार्थनाघराच्या मागची खोली.
हजर अठ्ठावीस, खुर्च्या तीस.
दोन खुर्च्या आम्ही दर वेळी जास्तच मांडतो,
दारापर्यंत आलेलं कुणी
जागा नाही म्हणून मागे फिरू नये.

हे मी लिहिलं नाही. चिटणीस या नात्यानं मी लिहिलं
की आमच्या गल्लीतल्या एकेचाळीस घरांपैकी सदतीस सह्या झाल्या,
चाळीस झाल्याशिवाय कौन्सिल रस्त्याला कुदळ लावणार नाही.

टेग्वेननं चौथ्यांदा समजावलं, चौथ्यांदाही न वैतागता:
खाण मिटली, उपसा थांबला,
चाळीस वर्षांत बोगदे तुडुंब भरले.
दरीच्या पोटातलं ते पाणी कोमट आहे.
वर आणायचं, ऊब तेवढी काढून घ्यायची
आणि पाणी जिथलं तिथे सोडायचं.
व्याजावर जगायचं, ती म्हणाली, मुद्दलाला हात नाही.

ग्लेनिसनं विचारलं, बॉयलर गेला
तर मी टॉवेल कुठे वाळवू?
कुणी हसलं नाही.
या खोऱ्यात टॉवेल वाळणं ही थट्टेची बाब नाही.

मग मागून, कोटाची बटणं न काढता, इडवाल प्रॉसर:
ज्या कोळशावर तुम्ही शाळा शिकलात
त्याला आता शिव्या घाला.
आणि ज्या पाण्यानं माझी खाण गिळली,
त्याच्यापुढे मी पाय शेकत बसू?
चहाचं भांडं तेवढं खदखदत राहिलं.
टेग्वेनकडे उत्तर नव्हतं. तिनं तसं सांगितलं.
शिव्या घालत नाही, एवढंच म्हणाली,
माझेही आजोबा तिथेच खोकायला शिकले.

विद्यापीठाच्या पोरानं नकाशा पसरला,
एका कोपऱ्यावर बिस्किटांचा डबा, दुसऱ्यावर साखर.
इथे भोक पाडू, तो म्हणाला.
इडवाल उठला. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता.
इथे पाणी नाही, पोरा.
सदुसष्ट साली इथलं छप्पर बसलं, नुसता राडा आहे.
पाणी इथे.
आणि बोट ठेवलं कोऱ्या कागदावर,
जिथे कुणी काहीच काढलं नव्हतं.

पोरानं पेन दिलं.
हात थरथरत होता, रेघ नाही.
चढ, वळण, दोन दारं, घोड्यांचा जुना तबेला,
सगळं त्यानं अंधारात चालावं तसं काढलं.
शेवटी एका बाजूला बारीक फुली मारली
आणि पेनाला टोपण लावलं.
फुली कशाची, ते पोरानं विचारलं नाही.
अर्ध्या खोलीला ठाऊक होतं. उरलेल्या अर्ध्यानं
आपापल्या कपात पाहिलं.

त्यानं सही केली नाही.
उरलेल्या तीन सह्यांसाठी आम्हाला अकरा आठवडे लागले,
एक तर माशांच्या दुकानात, तेलकट कागदावर.

भोक त्याच्या बोटाखाली पाडलं.
एकशे ऐंशी मीटरवर पाणी लागलं,
गंजाच्या वासाचं, वाफाळतं नाही, पण थंडही नाही.
ग्लेनिसनं त्यात कोपर बुडवलं,
बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं,
आणि मान हलवली. तिचे टॉवेल तिथेच मिटले.

आता जानेवारी. गल्लीत एकच धुराडं धुरतं.
घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे
ग्लेनिसची ऊब त्याच्याकडेही झिरपते.
मी गेले, तर त्याची खुर्ची
शेगडीपासून सरकून त्या भिंतीला टेकलेली.
खिडकीतून वारा लागतो, तो म्हणाला.
खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.

त्यानं विचारलं, त्या दिवशीचं काय लिहिलंस?
मी वही काढून वाचलं:
श्री. प्रॉसर यांनी नकाशात दुरुस्ती सुचवली.

सुचवली नाही, तो म्हणाला. केली.

मी खोडलं. समासात आद्याक्षरं घातली.